हात उसना घेतलाय, तसाच परत द्या: कोते-गाएशीचा पहिला सराव

ज्या दिवशी आयकिदो या जपानी युद्धकलेतला मनगटाचा डाव शिकवायचा असतो, त्या दिवशी मी हॉलमध्ये शिरल्या शिरल्या सगळ्यांना हात पुढे करायला लावते. शाळेत नखं तपासायचे तसे. नखं वाढलेली असतील तर कपाटावर नेलकटर ठेवलेलं आहे. घड्याळ, अंगठी, कडं, काळा दोरा, सगळं काढून पिशवीत. राखीपौर्णिमेनंतरच्या आठवड्यात मुलांच्या मनगटावर चार-चार राख्या असतात आणि त्या काढायला त्यांचं मन होत नाही. अशांनी त्या दिवशी दुसरा हात द्यायचा. काचेच्या बांगड्यांबाबत मात्र मी ऐकत नाही. "मॅडम, वर सरकवून रुमाल बांधला तर?" असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. चालत नाही. बांगडी फुटली तर दोघींना लागते, आणि मॅटच्या फटीत राहिलेली काच पुढच्या आठवड्यात तिसऱ्याच मुलीच्या तळपायात जाते. ज्यांना बांगड्या उतरवायच्या नसतील त्यांच्यासाठी त्या दिवशी नुसता पावलांचा सराव असतो. तोही महत्त्वाचाच आहे, ते पुढे येईलच.

मी सांगलीत एका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी आयकिदो शिकवते. शिकायला सुरुवात केली 1998 साली, पुण्यात. इथे जो डाव सांगणार आहे त्याचं जपानी नाव कोते-गाएशी. कोते म्हणजे कोपराखालचा हात, मनगटाचा भाग, आणि गाएशी म्हणजे उलटवणं. हा डाव आयकिदोत आला तो दाइतो-र्‍यू या जुन्या जुजुत्सूतून, म्हणजे जपानी निःशस्त्र झुंजीच्या विद्येतून. आयकिदोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा 1915 मध्ये होक्काइदो बेटावरच्या एन्गारू गावी त्या विद्येचे गुरू सोकाकु ताकेदा यांना भेटले आणि त्यांच्याकडे दाइतो-र्‍यू शिकू लागले. मनगट उलटवायचे प्रकार त्या शिक्षणातले.

आधी मनगट म्हणजे काय ते नीट समजून घ्या. कोपराकडून येणारी दोन लांब हाडं, त्यांच्यापुढे दोन ओळींत बसलेली 8 छोटी हाडं, आणि त्या सगळ्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारे अस्थिबंध. इथे मांडीसारखं जाड मांस नाही. चूक झाली की भार सरळ अस्थिबंधांवर येतो. पंजा तळहाताच्या बाजूला साधारण 80 अंशांपर्यंत वाकतो, मागे 70, करंगळीच्या बाजूला 30 आणि अंगठ्याच्या बाजूला जेमतेम 20. आणि आपण ज्याला "मनगट फिरवणं" म्हणतो ते मनगटात होतच नाही. ते होतं कोपराखालच्या दोन हाडांत, एक हाड दुसऱ्याभोवती फिरतं म्हणून. तुमचा उजवा पंजा डाव्या हाताने घट्ट धरा आणि किल्ली फिरवल्यासारखा फिरवून बघा. कोपरापर्यंत सगळं हलतं.

कोते-गाएशी कळण्यासाठी एवढं पुरतं. विहिरीवर दोर ओढताना आधी दोरातली ढील जाते आणि मग घागर उचलली जाते. इथेही तसंच. पंजा वाकवला की मनगटातली ढील संपते. फिरवला की कोपराखालची संपते. मग कोपर हलायला लागतं, मग खांदा, आणि शेवटी अख्खा माणूस. समोरचा खाली बसतो तो मनगट दुखलं म्हणून नाही. हातात कुठे ढीलच उरली नाही म्हणून बसतो. दोराला हिसका दिला तर घागर वर येत नाही, दोर तुटतो. सरावात झालेल्या बहुतेक दुखापती मी पाहिल्या त्या अशा हिसक्यानेच झालेल्या.

माझीही तशीच झाली. शिकायला लागून दुसरं वर्ष होतं. एका वरिष्ठ विद्यार्थ्याने प्रात्यक्षिक दाखवताना माझा पंजा झटकन फिरवला. थांब म्हणून मी मॅटवर हात मारला, पण तोवर करंगळीच्या बाजूने खोलवर कट्ट झालं होतं. सूज फारशी आली नाही, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही, मीही नाही. पुढचे सात महिने मला कपडे पिळता येत नव्हते. कुलपात किल्ली फिरवताना जीव जायचा. परातीत कणीक तिंबायची म्हणजे डाव्या हाताने. करंगळीच्या बाजूला, लांब हाडाच्या टोकाशी, कूर्चेची एक छोटी गादी असते. ती दुखावली होती. ते कळायलाच चार महिने गेले. तेव्हापासून मी शिकवताना एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणते: समोरच्याने तुम्हाला हात उसना दिलाय. वाटीभर साखर उसनी आणली तर आपण वाटी भरून परत देतो. हात निदान होता तसा तरी द्या.

मनगटाला जपणं हे फक्त माझं वेड नाही. ज्युदोच्या स्पर्धेत सांध्यावरचा डाव फक्त कोपरावर चालतो, मनगटावर नाही. ब्राझिलियन जुजुत्सूची आयबीजेजेएफ ही मोठी संघटना पांढऱ्या पट्ट्याच्या, म्हणजे अगदी नव्या, खेळाडूंना आणि मुलांना स्पर्धेत मनगटाचा डाव करू देत नाही, मोठ्यांना निळ्या पट्ट्यापासून पुढे परवानगी आहे. मनगटात सावध व्हायला वेळच कमी मिळतो. खांदा किंवा कोपर ताणलं जातंय हे आधी जाणवतं. मनगटात "ताण येतोय" आणि "गेलं" यांच्यात बोटभर अंतर असतं.

म्हणून जोडी लावायच्या आधी मी प्रत्येकाला काही गोष्टी विचारते. मनगटाचं हाड कधी मोडलं होतं का? रात्री बोटांना मुंग्या येतात का, विशेषतः अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला? दिवसभर कीबोर्डवर काम करणाऱ्यांत आणि रोज वीस-पंचवीस भाकऱ्या थापणाऱ्या बायकांत हे बरंच सापडतं. मुंग्या येत असतील तर पंजा वाकवून धरण्याचा सराव करायचाच नाही, डॉक्टरांना दाखवून मग बघू. आणि एक चाचणी: अंगठा वाकवून कोपराखालच्या हाताला टेकतो का? करंगळी मागे उभी होते का, 90 अंशांच्या पलीकडे? ज्यांचं हे सहज होतं त्यांचे सांधे सैल असतात. वर्गात सगळे त्यांचं कौतुक करतात, "हिला काही होतच नाही," आणि नेमकी तीच मुलं माझ्या काळजीची. ताण जाणवायच्या आत त्यांचा सांधा हद्दीबाहेर गेलेला असतो. अशांनी दुखायची वाट न बघता ठरलेल्या जागी थांबायचं. जागा मी दाखवते.

लहान मुलांना मी हा डाव शिकवत नाही. हाडांच्या टोकाशी वाढीचा भाग असतो, तो अस्थिबंधापेक्षाही नाजूक, आणि मनगटाजवळचा हा भाग साधारण सोळा-सतराव्या वर्षापर्यंत पक्का जुळलेला नसतो. मुलांना पडणं, लोळणं, हात सोडवून घेणं शिकवावं. पालक कधी कधी नाराज होतात, त्यांना मुलाने "काहीतरी डाव" दाखवायला हवा असतो. असू दे.

आता सराव. आधी पाच मिनिटं हात गरम करा. मुठी उघडा-मिटा, मनगटं दोन्हीकडून गोल फिरवा, नमस्काराच्या स्थितीत तळवे जोडून कोपरं हळूहळू वर न्या. पावसाळ्यात हॉल गार असतो आणि मॅटही दमट, तेव्हा मी आठ-दहा मिनिटं घेते. शिवाय मॅट कोरड्या फडक्याने पुसून घेते, कारण ओल्या मॅटवर पाय सरकला की करणाऱ्याचं सगळं वजन समोरच्याच्या मनगटावर जातं.

पहिले दोन दिवस सगळं बसून करायचं. समोरासमोर मांडी घाला, हातभर अंतर ठेवा. उभं राहिलं की पडायची भीती येते, भीतीने अंग ताठतं आणि ताठ हातात काहीच कळत नाही.

हात देणारा (जपानीत त्याला उके म्हणतात) उजवा हात असा धरतो: कोपर खाली, पंजा वर, तळहात स्वतःच्या चेहऱ्याकडे. सकाळी अंथरुणात करदर्शन करतो तसा, पण एकच हात. करणाऱ्याला त्याच्या पंजाची पाठ दिसते. करणाऱ्याने आता आपला डावा हात पुढे न्यायचा. आपला अंगठा त्याच्या पंजाच्या पाठीवर, करंगळी आणि अनामिका यांच्या मुळांच्या मध्ये. आपली चार बोटं त्याच्या अंगठ्याच्या बुडाला, त्या मांसल उंचवट्याला वळसा घालून तळहातात. पकड घट्ट नको. पिकलेला पेरू हातात धरतो तेवढीच. अंगठ्याचं टोक रुतवू नका, अंगठ्याचं अख्खं पेर टेकवा. नवशिक्यांची पहिली चूक इथेच होते: बोटं मनगटावर सरकतात. मनगट आवळून धरलं तर वाकणार काय? पकड पंजावर हवी.

उजवा तळवा त्याच्या बोटांच्या पाठीवर ठेवा. नुसता ठेवा. आता पंजा त्याच्याच कोपराच्या दिशेने वाकवा, पानाची घडी घालतो तसा. चार आकडे मोजत. घाई करू नका. या क्षणी हात देणाऱ्याने बोलायचं असतं.

आमच्या वर्गात हात देणारा आकडे म्हणतो. "एक" म्हणजे काही जाणवत नाही. "दोन" म्हणजे ढील संपली. "तीन" म्हणजे ताण आहे, इथे थांब. चार आणि पाच आम्ही शिकवतच नाही. "दोन" ऐकलं की करणाऱ्याने वेग निम्मा करायचा, "तीन"ला थांबायचं आणि एका श्वासापुरतं तिथेच राहून हळू परत यायचं. बोलायला लावल्यामुळे दोघांनाही एक गोष्ट कळते, की प्रत्येकाचा "दोन" वेगळ्या जागी असतो. दुचाकीवर रोज चाळीस-पन्नास किलोमीटर करणाऱ्या एका मुलाचा डावा हात उजव्यापेक्षा कितीतरी आधी "दोन"ला येतो, क्लच दाबून दाबून आखडलेला.

वाकवणं जमलं की फिरवणं. वाकलेला पंजा तसाच ठेवून बोटांची दिशा बदलायची. आधी बोटं त्याच्या चेहऱ्याकडे होती, ती आता हळूहळू त्याच्या उजव्या खांद्याच्या बाहेर वळतात. वाकवणं सुटता कामा नये. पंजा सरळ ठेवून नुसता पिळला तर सगळा जोर करंगळीच्या बाजूच्या त्या गादीवर जातो. माझं जे झालं ते नेमकं हेच. आधी घडी, मग वळण. दर वेळी याच क्रमाने.

आणि त्याचा हात त्याच्या अंगापासून बाजूला ओढू नका. कोपर वाकलेलं राहू द्या. कोपर सरळ झालं की डाव सुटतो, मग माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की लागतं.

थांबायची खूण. तिच्याशिवाय मी कुणालाही एकमेकांचा हात धरू देत नाही. मोकळ्या हाताने दोनदा थोपटायचं: जोडीदाराच्या अंगावर, स्वतःच्या मांडीवर किंवा मॅटवर, जिथे पोहोचेल तिथे. हात मोकळा नसेल तर पाय आपटा. तेही नाही तर "बस" म्हणा. "आई गं", "ए", नुसता श्वास अडकल्याचा आवाज, सगळं थांबण्यासाठीच आहे असं धरायचं. थोपटल्यावर झटकन हात सोडून देऊ नका. वाकवलेला सांधा एकदम सुटला तर उलट्या बाजूला झटका बसतो. आधी दाब थांबवा, मग आलात तसे परत जा, मग सोडा. ज्याने थोपटलं त्याला "एवढ्यात?" असं विचारणाऱ्याला मी लगेच बाजूला बसवते. असं एकदा विचारलं की पुढच्या वेळी तो पोरगा उशिरा थोपटतो.

तिसऱ्या दिवशी उभं राहायचं, तेही पडण्याचा सराव आधी पक्का झाला असेल तरच. या डावात पडतानाही मनगट जातं, आणि तेही दुसऱ्या हाताचं. घाबरलेला माणूस मागे पडताना मोकळा हात जमिनीवर टेकवतो. तळहातावर सगळं वजन येतं आणि अंगठ्याच्या बुडाशी असलेलं नावेसारखं छोटं हाड मोडतं. म्हणून मोकळा हात कधीही मागे टेकवायचा नाही. तो अंगापासून थोडा लांब, तळवा खाली करून, पूर्ण हाताने मॅटवर आपटायचा. हनुवटी छातीकडे, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर, म्हणजे डोकं आपटत नाही. आणि पडायचं म्हणजे कोसळायचं नाही. हात जिकडे चाललाय तिकडे अंग न्यायचं, उजवा गुडघा मुडपायचा, बूड टाचेजवळ टेकवायचं आणि पाठ गोल करून मागे लोळायचं. उंची जितकी कमी, मार तितका कमी.

करणाऱ्याने उभ्याने काय करायचं? हाताने काहीच जास्तीचं नाही. बसून जे केलं तेच, आणि ते धरून डावा पाय मागे घ्यायचा. कंबर डावीकडे उघडते, तुमच्या नाभीसमोरचा हात तुमच्याबरोबर वळतो, आणि समोरचा आपोआप त्याच्या उजव्या मागच्या कोपऱ्याकडे झुकतो. नुसता पावलांचा सराव करणाऱ्या बायका इथे सगळ्यांच्या पुढे असतात, कारण त्यांच्या हातांना जोर लावायची सवयच लागलेली नसते. समोरचा बसेपर्यंत हात सोडू नका आणि खाली ओढूही नका. तुम्हीही गुडघे वाकवून त्याच्याबरोबर खाली जा.

एका हातावर सलग आठ वेळा, त्यापेक्षा जास्त नाही. मग बाजू बदला, मग भूमिका बदला. मनगट थकलं की दुखत नाही, बधिर होतं, आणि बधिर हाताचे आकडे खोटे असतात. तासभराच्या वर्गात मी या डावाला वीस मिनिटं देते.

कुणीतरी दंड फुगवून म्हणतंच, "आता माझा पंजा फिरवून दाखवा." पहिले सहा महिने विरोध करायचा नाही, हा आमचा नियम आहे. ताकदीने अडवलेला पंजा जेव्हा सुटतो तेव्हा तो हळू सुटत नाही. पुढे विरोध शिकवते, पण तोही थोडा थोडा, आकडे म्हणत म्हणत.

लागलंच तर आधी अंगठी राहिलेली नाही ना ते बघा, सूज चढली की ती कापूनच काढावी लागते. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, हात छातीपेक्षा उंच. तेल लावून चोळू नका, आणि लचक काढून देणाऱ्याकडे ओढून घ्यायला जाऊ नका. आपल्याकडे ही सवय फार आहे, आणि मोडलेलं हाड ओढलं गेलं तर जागचं हलतं. अंगठा ताणल्यावर त्याच्या बुडाशी दोन शिरांमध्ये जो खळगा पडतो, तिथे दाबून दुखत असेल तर त्याच दिवशी एक्स-रे काढा. त्या नावेसारख्या हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत दिसतेच असं नाही. माझ्या एका विद्यार्थिनीचा पहिला एक्स-रे साफ होता. डॉक्टरांनी तरीही प्लास्टर घातलं आणि बाराव्या दिवशी पुन्हा फोटो काढला, तेव्हा चीर दिसली. या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकातून मिळतं. चीर दुर्लक्षित राहिली तर मनगटाकडचा तुकडा रक्ताविना वाळतो. पहिला फोटो पाहून घरी सोडलं असतं तर तिचं काय झालं असतं, हे आजही माझ्या मनात येतं.

आणि वर्ग झाल्यावरची गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची पिशवी उचलताना, बाटलीचं झाकण उघडताना, ओला टॉवेल पिळताना मनगटाकडे लक्ष द्या. स्नायू दुखत असतील तर ते कोपराखाली, मांसात दुखतात, दोन दिवसांत जातात. पण सांध्यात आत, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, तर पुढच्या वर्गाला या, पण हात देऊ नका. आल्या आल्या मला सांगा, आणि तुमच्या जोडीदारालाही सांगा. त्याला हे कळलं पाहिजे.